मापातली भाकरी
(कमी कॅलरीच्या आहारावर एका डॉक्टर बाईंनी सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे आणि या ताटात दोन भाकरी आहेत. दोन्ही आज सकाळी आमच्या घरी झाल्या. दोन्हींना ज्वारीचं पीठ मोजून घेतलं, ६० ग्रॅम. ही पहिली मऊ, तव्यावरून उतरवून फडक्यात गुंडाळलेली. काट्यावर ९८ ग्रॅम भरते. ही दुसरी आपली कडक भाकरी, पातळ थापून वाळवलेली. मागच्या रांगेत दिसत नसेल म्हणून वाचून दाखवते : ५८ ग्रॅम. पाणी उडालं, पीठ तेवढंच राहिलं. कॅलरी दोन्हींत सारख्याच, दोनशेच्या आसपास.

हातात घेतली की कडक भाकरी पापडासारखी हलकी लागते. म्हणून माझ्याकडे येणारी माणसं अगदी मनापासून सांगतात, "मॅडम, मी जेवतच नाही फारसं. तीन कडक भाकरी चटणीबरोबर खातो, संपलं." तीन भाकरींचे सहाशे झाले. वर शेंगा चटणी. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम चटणीच्या ऐंशीच्या पुढे कॅलरी होतात. आणि चमच्याने मोजून शेंगा चटणी खाणारा सोलापूरकर मला अजून भेटायचाय. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना कुणी कधी मोजून दाखवलेलं नसतं.

तेलाचा हिशेब तर घरी जाऊन आजच करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर तेल पडतं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे रोज साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, ताटात एकही भजं न घेता.

मी फिजिशियन आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला लठ्ठ पेशंटला मी दोन शब्द सांगायची : "कमी खा." एका शिक्षकांना असंच सांगितलं. मधुमेह होता, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी चालू होती. माणूस शब्दाला पक्का. त्यांनी नाश्ता बंद केला, दुपारचं जेवण अर्ध्यावर आणलं, आणि गोळी मात्र नेमाने घेत राहिले. आठव्या दिवशी शाळेत घाम फुटला, हात थरथरायला लागले, वर्गातच कोसळले. आणलं तेव्हा शुगर ४६ होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात का नाही, हे ती बघत नाही. जेवण कमी केलं तर तिचा डोसही त्याच दिवशी कमी करावा लागतो किंवा ती थांबवावी लागते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चूक माझी होती. ते बरे झाले, आजही येतात, पण "कमी खा" हे दोन शब्द मी तेव्हापासून कुणालाही सांगितलेले नाहीत.

कमी कॅलरीचा आहार ही उपचारपद्धती आहे. तिला डोस असतो, सुरुवात आणि शेवट असतो, तपासण्या असतात. साधारण ८०० ते १२०० कॅलरींच्या आहाराला कमी कॅलरीचा म्हणतात. ८००च्या खाली गेलं की अतिकमी. अतिकमी आहार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांसाठी. आणि कॅलरी कमी करायच्या म्हणजे सगळंच कमी करायचं असं नाही. प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं, पाणी यांत कपात चालत नाही. ही कपात केल्यावर काय होतं, ते अमेरिकेने १९७७-७८मध्ये बघितलं. बाजारात पातळ प्रथिनांचा आहार आला होता, जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून केलेला, अगदी निकृष्ट प्रथिनं. त्यावर महिनोन् महिने राहिलेली साठच्या आसपास माणसं गेली, बरीचशी हृदयाचे ठोके बिघडून. वजन उतरत होतं आणि हृदयाचा स्नायूही झिजत होता.

नीट केलं तर काय होतं, तेही आता माहीत आहे. ब्रिटनमध्ये ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास केला, २०१७च्या डिसेंबरात त्याचे निष्कर्ष छापून आले. सहा वर्षांच्या आतला टाइप २ मधुमेह असलेली आणि इन्शुलिनवर नसलेली माणसं निवडली. त्यांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरी दिल्या, त्याही फक्त शेक आणि सूपमधून. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी, बंद केल्या. नंतर दोन ते आठ आठवडे हळूहळू जेवण परत सुरू केलं. वर्षअखेरीला ४६ टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरलेल्यांत तर ते ८६ टक्के निघालं. पण हा आकडा ऐकून निघू नका. पंधरा किलो उतरवणं चारातल्या एकालाच जमलं होतं, आणि दोन वर्षांनी ४६चे ३६ टक्के झाले, कारण काहींचं वजन परत आलं होतं. वजन परत येणं ही या उपचारातली सगळ्यात मोठी अडचण आहे. त्याकडे मी येणारच आहे.

टेलर यांनी जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. यकृतात साठलेली चरबी अशा आहाराने आठवड्याभरात झपाट्याने उतरते, उपाशीपोटीची शुगर खाली यायला लागते, आणि स्वादुपिंडातली चरबी पुढच्या आठवड्यांत हळूहळू निघते. म्हणजे पोट दिसायला तेवढंच असतं तेव्हाही आत काम सुरू झालेलं असतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे दोन-तीन किलो मात्र बहुतेक पाण्याचे. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, संपतो, त्याने धरून ठेवलेलं पाणी जातं. पेशंट खूश होतात, मी त्यांना आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात काटा मंदावला की धीर सुटतो.

कुणी हे करू नये, हे स्पष्ट सांगते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, टाइप १ मधुमेहवाले, नुकताच हार्ट अटॅक आलेले, मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेले, आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच आजारी आहे अशी माणसं. इन्शुलिनवर असाल तर डॉक्टरांशिवाय एक पाऊलही टाकू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी थांबवाव्या लागतात. कमी जेवणात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, यूरिक अ‍ॅसिडवाल्यांचा पायाचा अंगठा सुजू शकतो, बद्धकोष्ठता होते, उठताना चक्कर येते, तीनेक महिन्यांनी केस गळतात. केस परत येतात. आणि एप्रिल-मेमध्ये मी कुणालाही सुरुवात करून देत नाही. पहिल्या आठवड्यांत शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, त्यात आपलं सोलापूरचं ऊन. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

आता भुकेबद्दल. लठ्ठ माणसाला आळशी, अधाशी म्हणणं आपल्याकडे फार सहज चालतं, घरातही. १९४४-४५मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, सडपातळ तरुणांना सहा महिने साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं. ती शहाणी, निर्धाराची मुलं होती, स्वतःहून आलेली. हळूहळू ती पाककृती गोळा करायला लागली, ताट चाटायला लागली, चिडचिडी झाली, आणि जेवण परत सुरू झाल्यावर पोट भरलं तरी त्यांची भूक थांबेना. ऑस्ट्रेलियातल्या २०११च्या अभ्यासात दिसलं की दहा आठवड्यांच्या आहारानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती. शरीर गेलेलं वजन परत मागत असतं. तेव्हा "परत जाडी झालीस की" असं लेकीला, सुनेला म्हणण्याआधी हे आठवा. माझी कळकळीची विनंती आहे.

वजन किती म्हणजे जास्त? आपल्यासाठी बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३च्या वर जास्त आणि २५ला लठ्ठपणा धरतात. गोऱ्यांसाठी तो ३०ला धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला २५ म्हणजे ६४ किलो. आपल्यासाठी माप कडक आहे, कारण आपली चरबी पोटात साठते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला होता : दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणून कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत.

शेक सगळ्यांना परवडत नाहीत, जमतही नाहीत. माझे बरेचसे पेशंट घरच्या जेवणावर हजार कॅलरींच्या आसपास राहतात. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि ताक. दुपारी अशी एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ एका छोट्या चमच्याच्या तेलात, आणि काकडी, मुळा, कांद्याची पात हवी तेवढी. संध्याकाळी पेलाभर दूध. रात्री पालेभाजी आणि शंभर ग्रॅम चिकनचा पातळ रस्सा. शाकाहारी असाल तर तेवढ्याच प्रथिनांचं सोयाबीन वडीचं कालवण. साठेक ग्रॅम प्रथिनं होतात. सोबत जीवनसत्त्वांची गोळी. हे उदाहरण आहे, लिहून घेऊन उद्यापासून सुरू करू नका. तुमचं वजन, तुमच्या गोळ्या, तुमचं रक्त बघून माप ठरतं.

एकादशीचं विचारतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, घरोघरी उपास आहेत. श्रद्धेचा उपास मी मोडायला सांगत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि खिचडीत वर दाण्याचं कूट नि तूप. वजनासाठी एकादशी धरत असाल तर तो हिशेब उलटा पडतो.

पूर्व भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या, वय ४४, वजन ९१, मधुमेहाला तीन वर्षं. दिवसभर मांडी घालून विड्या वळायच्या. पूर्वी मी छापील तक्ता द्यायची, ओट्स आणि ब्राऊन ब्रेडचा, आणि तो घरी कपाटात जायचा. या वेळी आधी विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं? म्हणाल्या, "आत्या," म्हणजे सासूबाई. मग पुढच्या वेळी त्यांनाही बोलावलं. या टेबलावर जो काटा आहे ना, त्याच्यावरच त्यांनी पहिल्यांदा पीठ मोजलं. सुनेची भाकरी वेगळी थापायची जबाबदारी त्या माउलीने चार महिने सांभाळली. बाईंचं वजन ७६वर आलं, गोळ्या थांबल्या.

खरी परीक्षा त्यानंतर. दुसरी भाकरी मी सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत आणली : आधी पाव, मग अर्धी. दर सोमवारी वजन. दोन किलो वाढलं की वाट न बघता आठवडाभर परत जुन्या मापावर, असं ठरलेलं. जानेवारीत त्यांनी फोन केला, आवाजात धास्ती. माहेरच्यांनी मंगळवेढ्याकडच्या शेतात हुरड्याला बोलावलं होतं. "मॅडम, जाऊ का नको?"

मी म्हटलं, जा. हुरडा हीच त्या दिवशीची भाकरी समजा.

त्यानंतरच्या आठवड्यात वही दाखवली. वजन चारशे ग्रॅमने वाढलं होतं, गुरुवारच्या नोंदीत ते उतरलेलं. रविवारच्या ओळीत विडीची पानं कापणाऱ्या हाताचं ठाशीव अक्षर : "हुरडा दोन मुठी. शेंगा चटणी एक चमचा. भाकरी नाही. पोट भरलं."

काटा इथेच ठेवते. ज्यांच्या खिशात गोळ्यांची चिठ्ठी असेल त्यांनी आधी पुढे या.