तीन कप्पे नकोत

श्रोतेहो, नमस्कार.

वहीत शंभर-सव्वाशे कविता साठल्या की संग्रह काढावासा वाटतो. त्यात पाऊस असतो, कुणाची वाट पाहणं असतं, गॅसवर उतू गेलेलं दूधही असतं. मग पहिला मोह होतो तो वर्गवारीचा. निसर्गाच्या कविता पुढे, प्रेमाच्या मधे, घरातल्या शेवटी. असे तीन कप्पे करू नका, एवढं मला आज आग्रहानं सांगायचं आहे. पावसाच्या वीस कविता एकापाठोपाठ आल्या की वाचणाऱ्याला पाऊस दिसेनासा होतो, तुमचे ठरावीक शब्दच तेवढे दिसतात.

त्यापेक्षा प्रत्येक कविता सुट्या कागदावर एकाच बाजूला छापून घ्या आणि घरात जमिनीवर ऋतूंच्या क्रमानं अंथरा. आपल्या पुण्यात क्रम सोपा आहे. माघ-फाल्गुनात टेकडीवर काटेसावर फुलते, तेव्हा तिच्यावर पान नसतं. चैत्र-वैशाखात बहावा. मग दुपारी कोसळणारा वळीव, आणि ७ जूनच्या सुमाराला मृग. आता प्रेमाच्या आणि घरातल्या कविता या ऋतूंमध्ये पेरा. वळवाच्या कवितेसमोर गच्चीवरच्या कुरडया धावतपळत गोळा करणारी बाई आली, की दोन्ही कविता एकाच आभाळाखाली येतात. अशी मांडणी करताना चुकाही सापडतात. श्रावणात फुललेली काटेसावर किंवा वळवालाच म्हटलेला मृगाचा पाऊस इथला वाचक लगेच ओळखतो.

किती कविता घ्यायच्या, ते थोडं छपाईवरही ठरतं. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. एका फर्म्यात, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या भागात, १६ पानं. सहा फर्म्यांची ९६ पानं होतात. शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांत दहा पानं गेली, तर ८६ उरतात. काही कविता दोन पानी असतात, म्हणून साठ-पासष्टच घ्या. सत्त्याण्णवावं पान निघालं तर त्याच्यासाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो, आणि खर्च उगाच वाढतो.

पानांची मांडणी करणाऱ्याजवळ स्वतः बसा. दोन पानी कविता डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्यावर सुरू करा. उजवीकडे सुरू झाली तर ऐन मध्यावर पान उलटावं लागतं आणि लय तुटते. कडवं पानाच्या तळाशी संपू देऊ नका, कारण पुढच्या पानावर तेच कडवं चालू आहे की नवं, हे कळायला मार्ग नसतो. लांब ओळ मावत नसेल तर उरलेला शब्द खाली थोडा आत सरकवून घ्या. तो डावीकडच्या कडेला चिकटला, की तीच नवी ओळ वाटते.

सगळ्यात जास्त घात होतो तो फाँट बदलताना. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला, की अर्धचंद्री रफार, म्हणजे ‘ऱ्या’मधला अर्धा र, कधीकधी साधा होतो, अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं, तर सह्याद्रीच्या दरीऐवजी समुद्र छापून येतो! म्हणून ‘वाऱ्या’, ‘ताऱ्या’, ‘पायऱ्या’ असे शब्द शोधून एकेक तपासा.

मुद्रितशोधकाला एक गोष्ट आधीच सांगा. मात्रावृत्तात ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. कवीनं वृत्तासाठी ‘नदि’ लिहिलं असेल आणि शोधकानं प्रामाणिकपणे ‘नदी’ केलं, तर दोनाच्या तीन मात्रा होतात आणि ओळ अडखळते. अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. मुक्तछंदात ही सवलत नाही, तिथे शुद्धलेखन चोख हवं.

शेवटचं प्रूफ डोळ्यांनी नको, मोठ्यानं वाचा. दुसऱ्यानं मूळ वही धरून ऐकावं. गळलेली ओळ अशीच सापडते.

शंभरच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या घरात ऑफसेट बरी, तिच्यासाठी एकदाच कराव्या लागणाऱ्या प्लेटचा खर्च सगळ्या प्रतींत विभागला जातो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात विनामूल्य मिळतो, पण अर्ज छपाईच्या बऱ्याच आधी करा, कारण तो आकडा श्रेयपानावर यायला हवा. आणि पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवा. १९५४ च्या कायद्यानं ती प्रकाशकाची जबाबदारी आहे. पुस्तक स्वखर्चानं काढलंत, तर प्रकाशक तुम्हीच.

नमस्कार.