चौऱ्याण्णवाव्या मिनिटाचा बचावपटू

श्रोतेहो, नमस्कार.

1 जानेवारी 2018. इंग्लंडमधल्या बर्नली गावातलं टर्फ मूर मैदान. लिव्हरपूल एका गोलनं पुढे होतं, पण सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बर्नलीनं बरोबरी साधली. लिव्हरपूलचे हुकमी गोल करणारे सालाह आणि कुटिन्यो दोघंही त्या दिवशी संघात नव्हते. आता गोल करायचा कुणी?

नव्वद मिनिटांनंतरच्या जादा वेळेचं चौथं मिनिट. एम्रे चाननं फ्री किक उचलून आत टाकली, लोव्रेननं डोक्यानं चेंडू गोलकडे वळवला आणि गोलच्या अगदी तोंडाशी उभ्या असलेल्या बत्तीस वर्षांच्या एका बचावपटूनं तो डोक्यानंच आत ढकलला. दोन-एक! प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, गोल करणारा तो पहिला एस्टोनियन. नाव राग्नार क्लावान.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा, जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. हिवाळा इतका कडक, की तिथली लीग वसंतात सुरू होते आणि बर्फ पडायच्या सुमाराला संपते. क्लावानचा जन्म 1985 चा, विल्यांदी गावचा. तेव्हा हा देश सोव्हिएत संघात होता. 1991 मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. वडील झिन्टार क्लावानही एस्टोनियाकडून खेळलेले, म्हणजे फुटबॉल घरातच होता.

ताल्लिनच्या फ्लोरा क्लबातून तो 2005 मध्ये नेदरलँड्सच्या हेराक्लेसकडे गेला, मग आल्कमारच्या एझेडकडे, आणि 2012 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला. तिथली चार वर्षं मला फार मोलाची वाटतात. आउग्सबुर्ग हा काही बड्यांचा क्लब नव्हे. तिथं बचावाला उसंत नसते. फेब्रुवारी 2016 मध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत या संघानं लिव्हरपूलला दोन सामन्यांत मिळून एकच गोल करू दिला, तोही पेनल्टीवर. पाच महिन्यांत लिव्हरपूलच्या तेव्हाच्या प्रशिक्षकानं, क्लॉपनं, क्लावानला बोलावून घेतलं. वय तीस! या वयात बहुतेकांना परतीचे वेध लागतात.

पदार्पण आर्सेनलच्या मैदानावर. लिव्हरपूलकडे चार-एक अशी आघाडी असलेला तो सामना चार-तीनवर येऊन थांबला. बचावपटूची याहून कठीण परीक्षा कोणती असेल? पुढची दोन वर्षं कधी अकरांत, कधी राखीव खेळाडूंच्या बाकावर. बोलावणं आलं की हा तयार. 2018 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही कीव्हला तो बाकावरच बसून होता. मला त्या बसण्याबद्दल मनापासून आदर आहे.

मग तीन वर्षं इटलीत काल्यारीकडून खेळून 2021 मध्ये तो मायदेशी परतला. एस्टोनियासाठी 120 हून अधिक सामने खेळलेला, देशाचं कर्णधारपद सांभाळलेला हा माणूस पाइदे आणि त्यानंतर ताल्लिन्ना कालेव या घरच्या क्लबांचा शर्ट घालून, लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरच्या गर्दीपासून फार दूर, पुन्हा त्याच छोट्या लीगमध्ये बचावाला उभा राहिला.

नमस्कार.