मुंबई–लंडन : ७,२०० किलोमीटर, पण वेळ किती?

(दृश्य : पृथ्वीगोलावर ताणलेला लाल दोरा)

घरातला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. सैल असतो तोवर तो अरबस्तानावर लोंबतो. ताणला की उत्तरेकडे सरकतो : कराची, इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी. सगळ्यात जवळची वाट हीच, सुमारे ७,२०० किलोमीटरची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मारलेली रेघ याहून जवळपास १९० किलोमीटर लांब भरते.

आता या दोऱ्यात गाठी कुठे पडल्या ते पाहू. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. म्हणजे मुंबईहून एकाच दिवशी निघालेली एक भारतीय आणि एक परदेशी कंपनी वेगवेगळ्या वाटांनी लंडन गाठू शकते. त्यामुळे इंटरनेटवर दिसणारा अंतराचा आकडा बरोबर असला, तरी त्यावरून वेळ काढता येत नाही.

(दृश्य : ढगांच्या वर विमान, बाजूला वाऱ्याचे बाण)

वेळेचा खरा हिशोब वाऱ्यावर ठरतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. समजा, प्रत्यक्ष वाट ७,५०० किलोमीटरची आहे, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वाऱ्याची सरासरी ताशी ६०. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीवरचा वेग ८४०. वेळ ८ तास ५६ मिनिटं. येताना वारा पाठीशी, वेग ९६०. वेळ ७ तास ४९ मिनिटं. वाट तीच, फरक तासाहून जास्त.

तिकिटावरची वेळ याहून मोठी असते. ती विमान जागेवरून हलल्यापासून लंडनला जागेवर उभं राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची रांग तीत आलीच, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ उतरण्याची वाट पाहत घातलेल्या घिरट्याही. घिरट्यांच्या जागा ठरलेल्या असतात : ईशान्येला लॅम्बोर्न, आग्नेयेला बिगिन. तिथे विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक फिरत राहतात. सगळ्यात खालचं उतरायला सुटलं की वरचं प्रत्येक विमान एक पायरी खाली येतं. या घिरट्यांसाठी आणि ऐनवेळी दुसऱ्या विमानतळावर जावं लागलं तर त्यासाठी जादा इंधन असतं. त्याशिवाय ३० मिनिटांचा साठा शेवटपर्यंत राखून ठेवावा लागतो.

(दृश्य : तिकिटाचा जवळून शॉट)

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात, आणि नेमकी इथेच चूक होते. समजा, जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचायचं आहे. दिसतात पाच तास. पण तेव्हा भारताचं घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असतं, म्हणून त्यात साडेचार मिळवा : साडेनऊ. परतताना लंडनहून रात्री ९, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहा. दिसतात सव्वातेरा तास. त्यातून साडेचार वजा करा : पावणेनऊ.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. मधल्या काळात साडेचारऐवजी साडेपाच धरा.