खरजेचं औषध सगळ्या घराला, एकाच रात्री

नमस्कार श्रोतेहो. रात्री अंथरुणात शिरलं की अंगाची खाज वाढते, आणि काही आठवड्यांत शेजारी झोपणारं भावंडही खाजवू लागतं. असं घरात दिसलं तर 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून देऊ नका. ती खरूज असू शकते.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत शिरून रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला नाडी बसते तिथे बारीक पुरळ दिसतं. तान्ह्या बाळाच्या तळहात-तळपायांवरही बघा.

पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणूस नकळत दुसऱ्याला खरूज देत असतो. म्हणून 'मला कुठे खाजतंय?' म्हणणाऱ्या आजोबांनीही औषध लावायचंच, आणि तेही सगळ्यांबरोबर, त्याच रात्री. एकजण जरी सुटला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिनचं मलम देतात. ते नुसतं पुरळावर नको. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, नखांखाली, सगळीकडे चोळा आणि आठ ते बारा तास ठेवा. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावा. साधारण आठवड्याने दुसरी खेप, तीही सगळ्यांनीच. घरात गरोदर बाई किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून खाजेची ट्यूब परस्पर आणू नका. तिच्यात स्टिरॉइड असलं तर खाज दबते, किडे मात्र वाढतच राहतात.

सकाळी चादरी, अभ्रे, टॉवेल, गेल्या तीन दिवसांतले कपडे कडक गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. पावसाळ्यात गोधडी कुठे वाळणार? ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. घरभर फवारणी करायची काही गरज नाही.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम चोळू नका. नवं पुरळ उठलं, किंवा फोडांत पू झाला, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मूल वसतिगृहात राहत असेल तर तिथल्या अधीक्षकांना आजच कळवा. त्याच्या खोलीतल्या सगळ्या मुलांना औषध मिळायला हवं.