बोट कुठं थांबतं?

नमस्कार श्रोतेहो.

जिनिंगच्या फाटकात कापसाची गाडी उभी केलेला शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याच्या बोटांकडे पाहतो. व्यापारी चिमूटभर कापूस घेऊन धागा ओढतो. एकदा ओढला आणि गाडीकडे वळला, तर माल पटला. पुन्हा खालून चिमूट काढली, तर मनात शंका आली. तोंडानं तो काहीही बोलो.

आज बोलायचं आहे ते इंटरनेटवरच्या दुकानाबद्दल. आपल्या भागातले कितीतरी बचत गट, शेतकऱ्यांच्या कंपन्या, शिकलेली पोरं आता वेबसाइटवरून माल विकतात. हळद, भिवापुरी मिरची, जवसाची चटणी, तूरडाळ. लोक पाहायला येतात आणि न घेता निघून जातात. का जातात, ते कळत नाही. पण तिथंही गिऱ्हाईकाचं बोट दिसतं. ते कुठं थांबलं, कुठं अडलं, कुठून परत फिरलं, हे पाहायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं साधन २०२० पासून फुकट मिळतं. पानावर जिथं जास्त बोटं पडली ती जागा त्यात लाल दिसते. एवढं लक्षात ठेवा, बोटं पडली ती जागा लाल. बाकी मी गोष्टीतूनच सांगते.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाची ही गोष्ट. वायगावच्या हळदीबद्दल तुम्हाला मी काय नवं सांगणार! २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तर या बायांनी ती हळद दळून, पाकिटं भरून विकायला काढली. गटातल्याच एकीच्या मुलानं वेबसाइट करून दिली, आणि मन लावून केली. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून लोक पाहायला यायचे. पण ऑर्डर? ती फक्त सोयऱ्याधायऱ्यांची.

बैठक बसली. सगळ्यांचं एकमत झालं की भाव जास्त आहे. भाव कमी केला. फरक नाही. आणखी कमी केला. आता तर सोयऱ्यांचेही फोन येऊ लागले, "काहून बाई, हळद जुनी झाली का?"

मग त्या मुलानं क्लॅरिटी जोडलं आणि काही आठवड्यांनी सगळ्याजणी त्यातला बोटांचा रंगीत नकाशा पाहायला बसल्या. मीही होते. 'मागवा' लिहिलेल्या बटनावर रंगच नाही. आणि पाकिटाचा फोटो लालभडक! लोक त्या फोटोवर टिचकी मारत होते, पुन्हा मारत होते, आणि निघून जात होते. टिचकी मारून काही उघडत नव्हतं, तो साधा फोटो होता.

लोक असं का करत असतील? गटाच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, "फोटो लय आवडून राह्यला लोकायले." दुसरी म्हणाली, "नाही व, फोटो लहान आहे, दिसत नसन." मुलगा म्हणाला, बटनाचा रंग बदलतो. मी म्हटलं, थांबा. नकाशा कुठं ते सांगतो, का ते सांगत नाही. हे पुन्हा सांगते श्रोतेहो, नकाशा कुठं ते सांगतो, का ते माणूसच सांगतो.

अध्यक्षताईंची नणंद माहेरी आली होती. हिंगणघाटला शिक्षिका. तिनं ही वेबसाइट कधी पाहिली नव्हती, म्हणून आम्हाला ती हवीच होती. तिला ओसरीवर बसवलं, हाती फोन दिला आणि एकच सांगितलं, "ताई, यावरून अर्धा किलो हळद मागवून दाखवा." आणि बाकीच्यांना ताकीद दिली की कोणी बोलायचं नाही. बटन कुठं आहे ते दाखवायचं नाही. हूं की चूं नाही. हे फार कठीण असतं. आपल्या मालासमोर कोणी अडखळलं की आपला जीव खालीवर होतो. अध्यक्षताईंचा तर मी हातच धरून ठेवला होता.

ताईंनी पान खाली सरकवलं, वर आणलं. बोट फोटोवर थांबलं. टिचकी. काही नाही. परत टिचकी. फोन डोळ्यांजवळ नेला. तिसरी टिचकी. तेव्हा मी हळूच विचारलं, "ताई, काय करून राह्यल्या?"

"पाकीट पलटवून पायतो म्हटलं. मांगं तारीख असते ना. दळली कवा ते पायल्याशिवाय मी हळद घेतच नाही. पण हे पलटतच नाही ना बाप्पा!"

अध्यक्षताईंनी कपाळावर हात मारला. "अवं, आपुन दुकानात हेच तं करतो!"

खरंच की. किराण्याच्या दुकानात हळदीचं पाकीट हातात घेतलं की आपण पहिल्यांदा ते उलटं करतो. फोनच्या काचेवर लोक तेच पाकीट उलटं करू पाहत होते. पुण्यातली बाईही तेच करत होती आणि मुंबईचा माणूसही तेच. आमच्याकडे फोटो होता तो फक्त पुढच्या बाजूचा.

ताई पुढं म्हणाल्या, "अन् इतकी स्वस्त काहून ठेवली व वहिनी? भेसळ तं नसन?" म्हणजे भाव कमी केल्यानं गिऱ्हाईक वाढायच्या ऐवजी बिचकत होतं. हळदीत रंग मिसळतात, लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं होतात, हे लोकांच्या कानावर असतं. स्वस्त दिसली की पहिला विचार तोच येतो.

मग आणखी काहीजणांना असंच बसवलं. गावातली आशाताई, स्टँडवरचा मोबाइल दुरुस्तीवाला मुलगा, नागपूरहून आलेले निवृत्त बँकवाले काका. काका शेवटच्या पानापर्यंत नीट गेले आणि तिथं डिलिव्हरीचा खर्च अचानक दिसला. "आता हे कुठून आलं?" म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला. पैसे जास्त म्हणून नव्हे, आधी सांगितले नाहीत म्हणून.

गटानं पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला. 'दळल्याची तारीख' मोठ्या अक्षरांत, अगदी भावाच्या शेजारी लिहिली. मोडलेल्या हळकुंडाचा, आतला गर्द केशरी रंग दिसेल असा फोटो लावला. डिलिव्हरीचा खर्च पहिल्याच पानावर सांगितला. आणि भाव पूर्वीच्या जागी नेला. अनोळखी नावांच्या ऑर्डरी यायला लागल्या. "ताजी आहे का" असे विचारणारे निरोप बंद झाले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वर्षाची हळद उन्हाळ्यात हळकुंडं घेऊन, वाळवून, गावच्या चक्कीवर आपल्यासमोर दळावी. चक्कीवाल्याला चार पैसे मिळतात आणि घरभर वास दरवळतो. पण शहरातल्या बाईला ते जमत नाही, म्हणून तिला निदान तारीख तरी दाखवा.

त्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर आधी काय होतं, सांगू? उद्घाटनाचा फोटो. फीत कापणारे पाहुणे, हारतुरे, मागं बॅनर. हळद खूप खाली. आपल्याकडे ही सवयच आहे. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स एवढे लागतात की एसटीचं वेळापत्रक त्यांच्यामागं जातं, आणि म्हातारी माणसं विचारत फिरतात, गाडी कवा हाय. वेळापत्रकावर फ्लेक्स लावायला बंदीच हवी, असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतींनी ठराव करावा.

तर विषयाकडे येते. वेबसाइट वाचणारा माणूस वाचत नाही, नजर फिरवतो. याकोब नील्सन या अभ्यासकानं १९९७ सालीच हे मांडलं. त्याच्या चाचणीतले ७९ टक्के लोक पान नुसतं चाळत होते. त्यानंच २००० साली सांगितलं की पाच माणसांना बसवून पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाच माणसं. गावात पाच माणसं मिळतात.

अमेरिकेतले वेबसाइटचे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी २००९ साली इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानाची हकीगत लिहिली. पैसे भरायच्या आधी तिथं 'नोंदणी करा' असं बटन होतं. लोकांना शेजारी बसवून पाहिलं तेव्हा कळलं की त्यांना खातं उघडायचंच नाही, वस्तू घेऊन जायचं आहे. बटनावर 'पुढे चला' लिहिलं, खातं लागत नाही अशी ओळ घातली, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जास्तीची विक्री.

मनाचं गणित तसंच असतं. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की मिळालेल्या शंभराच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराचं दुःख जास्त बोचतं. म्हणून अनोळखी दुकानात माणूस आधी फसवणुकीची भीती तपासतो, फायदा नंतर. त्याला तारीख दाखवा, पत्ता दाखवा, उचलला जाईल असा फोन नंबर द्या.

आणि एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. माणसाचं मन कळलं की त्याला ढकलायचा मोह होतो. गटातल्या मुलाला कोणीतरी सल्ला दिला, 'फक्त दोनच पाकिटं उरली' असं लाल अक्षरात लिही. गोदामात पोती भरलेली! बायांनी साफ नाही म्हटलं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. केंद्र सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटी काढलेला छुपा खर्च, हे सगळं त्यात येतं. आणि लोकांची बोटं पाहायची तर त्यांना तसं वेबसाइटवर मराठीत, सोप्या शब्दांत सांगा आणि त्यांची संमती घ्या.

तुमचं असं दुकान असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. ज्यानं ते कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या हाती फोन द्या. 'कसं वाटलं' विचारू नका, तो चांगलंच म्हणेल. एक वस्तू मागवायला सांगा आणि गप्प बसा. बोट जिथं थांबेल ती जागा वहीत लिहा, आणि ते थांबल्यावरच विचारा, "काय शोधून राह्यले, भाऊ?" अशी पाच माणसं झाल्याशिवाय वेबसाइटला हात लावू नका, आणि भावाला तर मुळीच नको.

नमस्कार.