मसाला शिजवा, मासा नको! | पहिल्यांदाच मासे करणाऱ्यांसाठी कालवण आणि तव्यावरचे तुकडे

नमस्कार मंडळी! आज मासे.

आखाडातला मटणाचा रस्सा टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच चाललंय, "ताई, मासे दाखवा, पण आमच्यासारख्यांना जमतील असे." जालन्याच्या एका ताईंनी लिहिलंय, लग्नाला बारा वर्षं झाली, मालक बाहेर मासे खाऊन येतात, पण घरात करायची हिंमत होत नाही. लातूरचा एक पोरगा पुण्यात रूमवर राहतो, त्याला काट्याचं भेव वाटतंय. आणि बाकीचे सगळे वासाचं विचारायलेत.

आधी एक मनातलं बोलते. "ताई, आपल्याकडं कुठं समुद्र आहे?" ही कमेंट आली की मला खरंच वाईट वाटतं. समुद्र नाही, पण गोदावरी आहे ना! पैठणचा नाथसागर आहे, माजलगाव आहे, येलदरी आहे, आमच्या नांदेडला विष्णुपुरी आहे. रोहू, कटला, मरळ, चिलापी हे आपल्या बाजारात येणारे मासे आहेत, भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. पापलेट-सुरमई बर्फात बसून इथवर येते, महाग पडते, आणि जून-जुलैत समुद्रावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदीच असते. पहिल्यांदा करणाऱ्यानं तिच्यामागं लागायचं कशाला?

घेताना डोळे स्वच्छ बघा, कल्ले लाल बघा, बोटानं दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. खवले काढून, पाऊण इंचाचे तुकडे तिथंच करून घ्या. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढं चला.

काटे. रोहूच्या मांसात बारीक, दुफाट्याचे काटे असतात, त्यांचंच भेव असतं. मग मोठा कटला घ्या, त्याचे काटेही मोठे, बोटाला लगेच लागतात. पोटाकडचा तुकडा मागा, त्यात बरगडीचेच काटे येतात, ओढले की निघतात. शेपटीकडचा नको. लेकरांसाठी मरळ किंवा चिलापी, त्यांच्यात ते बारीक काटे नसतात. मरळ महाग असते, पण पहिल्या वेळेला पाव किलोच आणा की.

आता वास. नदी-तळ्याच्या माशाला वास येतो तो मातीचा. पाण्यातले काही सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसात भुईचा जो वास सुटतो ना, त्यातही हेच असतं. बिटाला मातकट वास येतो, तोही ह्याचाच. म्हणजे मासा नासलाय असं नाही. आंबट लागलं की हे द्रव्य मोडतं. म्हणून अर्धा किलो तुकड्यांना मीठ, हळद आणि एका लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी सुटेल. ते पाणी फेकून द्या आणि तुकडे स्वच्छ फडक्यानं पुसा. काहीजण त्या पाण्यातच मसाला कालवतात. नका करू. वास जायला आला होता, तुम्ही परत आत घेतला.

(गॅसवर पातेलं)

आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ करायलेय ते. मसाला शिजवा, मासा नको.

हे मला विष्णुपुरीच्या बाजूला मासे विकणाऱ्या एका मावशींनी सांगितलंय. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी दोन किलोचा रोहू आणला. माझं माहेर परभणीकडं, घरात मटण व्हायचं, मासे कधीच नाही. मी मटणासारखाच केला. कुकर, तीन शिट्ट्या. झाकण काढलं तर काटे वेगळे, मांसाचा गाळ वेगळा. सासरे काही बोलले नाहीत, त्यांनी रस्सा गाळून भाकरीसोबत खाल्ला. ते न बोलणं मला फार लागलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्या मावशींकडं गेले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, मसाला तासभर शिजव. मासा नको शिजवू, तो लगेच होतो."

मटणात स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन चिवट असतं, ते विरघळायला तास-दीड तास जातो. म्हणून आपल्या हाताला सवय लागलेली असते, जितकं शिजेल तितकं चांगलं. मासा पाण्यात तरंगतो, त्याला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं नसतं. त्याचं कोलॅजन थोडं, नाजूक, जरा आच लागली की सुटतं. पाच-सात मिनिटांत काम होतं. त्यापुढं गॅस चालू ठेवला तर नुसतं पाणी निघून जातं आणि मांस चोथा होतं.

तर कालवण. दोन कांदे गॅसवर भाजून, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, आठ-दहा पाकळ्या लसूण, आल्याचा तुकडा, सगळं बारीक वाटायचं. तेलात परतायचं, हळद, तिखट, काळा मसाला. आणि दोन चमचे येसर. ज्यांच्या घरात येसर आहे त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाल्याचं पीठ, त्यानं रस्सा आपोआप दाट होतो. कोकम आपल्याकडं नसतं, चिंच घ्या, लिंबाएवढी, कोळ काढून. मीठ जपून, तुकड्यांना आधीच लागलंय. पाणी घालून हे दहा-बारा मिनिटं खळाखळा उकळू द्या. तेल वर आलं पाहिजे. मसाल्याचा कच्चेपणा आत्ताच घालवा, मासा टाकल्यावर वेळ मिळणार नाही.

आता गॅस बारीक. तुकडे एकेक करून सोडायचे. आणि चमचा खाली ठेवा. खरंच खाली ठेवा! हलवायचं असेल तर फडक्यानं पातेलं दोन्ही बाजूंनी धरा आणि गोल फिरवा, असं. सहा-सात मिनिटं. गॅस बंद, झाकण, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. रस्सा आत मुरायला तेवढा वेळ द्या.

मग कच्चा राहील का? नाही राहू द्यायचा. गोड्या पाण्याचा मासा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. गॅस बंद करायच्या आधी मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा. मांस काचेसारखं दिसलं तर अजून एक-दोन मिनिटं. पांढरं दिसलं आणि काट्यापासून सुटलं, की झाला.

(तवा)

तोवर तवा. पुसलेल्या तुकड्यांना लसूण-तिखट चोळा, वरून तांदळाचं पीठ आणि बारीक रवा. तांदळाचं नसेल तर ज्वारीचं, मी ज्वारीचंच घेते. तवा तापू द्या, तेल तापू द्या, मग तुकडा ठेवा आणि पुन्हा तेच, हात लावू नका. "ताई, तव्याला चिकटतो" असं ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, त्यांनी एकतर ओला तुकडा टाकलाय नाहीतर घाईनं उलथलाय. खालून कुरकुरीत झाला की तो स्वतः सुटतो. साडेतीन-चार मिनिटं, मग एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला तीन पुरे. चार वेळा उलथलात तर सगळी पाकळी तव्यावर राहील.

आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना सुद्धा हेच. तुकडे ताटलीत काढा, रस्सा एकटा उकळा, मग तुकडे परत सोडा. शिळ्या कालवणाला पाच मिनिटं उकळी दिलीत तर काल सांभाळलेलं आज जाईल.

दर वेळी येणारी एक कमेंट: मासे खाऊन दूध पिलं तर कोड येतं का? आयुर्वेदात मासे-दूध विरुद्ध आहार सांगितलाय, घरात ते पाळत असतील तर पाळा. पण कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होण्याचा आजार आहे, बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते. मासे-दुधानं तो होतो असा पुरावा नाही. बंगालमध्ये तर दह्यात मासा शिजवतात. कोड असलेल्या पोरीच्या आईला "तू काय खायला दिलंस" म्हणून विचारणारे लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतेय. नका विचारू असं.

आणि घशात काटा अडकला तर कोरड्या भाकरीचा घास गिळून तो ढकलू नका, जास्त रुततो. टोचत राहिलं तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं.

झाली पंधरा मिनिटं. झाकण काढते. हे बघा, तेलाचा तवंग वर, तुकडा अख्खा. उचलते हं, चमच्यानं खालून, आडवा. बोटानं दाबते… बघा, पाकळी न्‌ पाकळी वेगळी झाली आणि काटा एकटा हातात आला. आतून ओलसर आहे, दिसतंय ना? जालन्याच्या ताई, हा तुकडा तुमचा.