हैदराबाद संस्थानाचे जुने नकाशे : साल कसं ओळखायचं

मित्रहो, आपल्या भागाचा जुना नकाशा हाती आला की पहिली नजर जाते ती कोपऱ्यात छापलेल्या सालाकडे. त्या सालावर विसंबू नका. हे नकाशे बहुधा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापत, आणि पत्रा कोरणं महागाचं काम. एकदा कोरला की प्रकाशक तो वर्षानुवर्षं वापरत. मधेच एखादा लोहमार्ग कोरायचा, खालचं साल घासून नवं घालायचं, बाकी सगळं जुनंच. शिवाय सीमेचा रंग छपाईनंतर हातानं भरलेला. म्हणजे एकाच कागदावर तीन वेगळी सालं नांदतात : मूळ रेघांचं, दुरुस्त्यांचं आणि रंगाचं.

मराठवाड्यासाठी सगळ्यात कामाची खूण म्हणजे नळदुर्ग. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली फौज, तिच्या खर्चाची बाकी थकली, म्हणून १८५३च्या तहात निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब (कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख) आणि धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. नळदुर्गला कारभार पाहायला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी आला. पुढे १८५७मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६०मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही मिळालं. तेव्हा नळदुर्गचा पट्टा इंग्रजी मुलखाच्या रंगात दिसला, तर रंगाऱ्यापुढची माहिती या सात वर्षांतली. मात्र आधी त्या नकाशाची रंगसूची बघा, कारण कोणता रंग कुणाचा हे प्रकाशकागणिक बदलतं. वऱ्हाडाच्या रंगावरून मात्र साल ठरवू नका. कारभार इंग्रजांचा आणि कागदोपत्री मालकी निजामाची, असा तो मामला. कुणी वऱ्हाड इकडे रंगवलं, कुणी तिकडे. १९०२मध्ये वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्यानं दिलं गेलं, १९०३मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, तेव्हा कुठे हा घोळ कमी झाला.

रंग फसवतो, रेल्वे सहसा फसवत नाही. वाडी–सिकंदराबाद मार्ग १८७४चा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी मीटरगेज १९००च्या सुमाराची. पहिला मार्ग आहे आणि दुसरा नाही, तर पाव शतकाच्या आत आलात. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७मध्ये बार्शीला पोचली, लातूरला १९११मध्ये. रेघ बार्शीला पोचली पण लातूरला नाही, तर मधली चौदा वर्षं. फक्त रेघ अखंड आहे की तुटक, हे भिंगातून पाहा. मंजूर झालेले पण न बांधलेले मार्गही हौसेनं काढलेले असतात.

व्यापारी वाटांचं गणित निराळं. सुरत–औरंगाबाद–गोवळकोंडा ही वाट सतराव्या शतकात गजबजलेली होती, पण वाहतूक आटल्यावरही नकाशावाले ती जुन्या नकाशांवरून उतरवत राहिले. वाट काढलेली आहे म्हणजे त्या साली तिथून तांडे जात होते, असं धरू नये. जेम्स रेनेल या इंग्रज मोजणीदाराचा १७८२चा हिंदुस्थानचा नकाशा घ्या. त्याची स्वतःची मोजणी बंगालची. इतर बऱ्याच भागांसाठी त्याची भिस्त कोसांवर आणि फौजांच्या मुक्कामांच्या नोंदींवर. रस्त्यावरून ढकलत नेऊन अंतर मोजायचं चाक रस्त्याची वळणंही मोजतं, सरळ अंतर नाही. त्यामुळे वाटेवरच्या गावांचा क्रम बहुधा बरोबर, पण वाट सोडून आत असलेलं गाव बरंच सरकलेलं. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची त्रिकोणमितीय (त्रिकोण आखून केलेली) मोजणी दक्षिणेतून वर सरकत आली, त्यानंतरच्या नकाशांत हा दोष कमी.

रेखांश वाचताना शून्य कुठलं धरलंय ते आधी शोधा. औरंगाबाद ग्रिनिचपासून ७५ अंश २० मिनिटांवर आहे. तेच फ्रेंच नकाशावर पॅरिसपासून ७३ अंशांवर दिसेल आणि कॅनरी बेटांतल्या फेरो बेटापासून मोजलेल्या नकाशावर ९३वर. ती मोजणाऱ्याची चूक नव्हे. आजच्या नकाशावर जुना बसवायचा असेल तर दौलताबाद, औसा, परांडा, उदगीर अशा किल्ल्यांचे बिंदू घ्या. पैठणच्या वरचा गोदाकाठ घेऊ नका, तो जायकवाडी धरणाच्या नाथसागराखाली आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. तांब्याच्या पत्र्यावरून केलेल्या छपाईत चौकटीबाहेर पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, बोटाला लागतो. पण कडा कापलेल्या असतील तर ही खूण गेली. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, तो नसतोच. दहापट भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छापील नक्कल. सीमेचा हिरवा रंग तांब्यापासून केलेला असेल, तर तो कागद खातो. नकाशा उलटा केला की त्याच रेषेवर तपकिरी डाग दिसतो. मागची बाजू कोरी आणि रंग घडीच्या चिरांत उतरलेला, तर तो घडी पडल्यानंतर कुणीतरी भरलाय. भाव तसाच करा.

अशी खाल्लेली हिरवी रेघ घडीवर आली की कागद तिथेच तुटतो. म्हणून नकाशा सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. फाटलं असेल तर जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही मागच्या बाजूनं. पण हिरव्या रेघेजवळ ओल नेऊ नका, ओलीनं तांबं आणखी पसरतं. तेवढं काम जाणकाराकडे द्या.